राकूचा वाडगा आणि सद्दालपुत्राची भट्टी

जपानमधील कोबे शहरात किटानो ही डोंगरउतारावरची वस्ती आहे. जुन्या युरोपीय व्यापाऱ्यांच्या बंगल्यांसाठी ती प्रसिद्ध आहे. त्या बंगल्यांच्या रांगा ओलांडून पुढे गेले की एका वळणावर पांढऱ्या संगमरवराचे शिखर दिसते आणि आपण क्षणभर कोणत्या देशात आहोत याचा विसर पडतो. भगवान महावीरस्वामींचे हे श्वेतांबर जिनालय १९८५ साली उभे राहिले. मोत्यांच्या व्यापारासाठी कोब्यात स्थायिक झालेल्या जैन कुटुंबांनी ते श्रद्धेने सांभाळले आहे. आमचा जपानचा प्रवास सुरू झाला तो येथील दर्शनाने. परंतु ज्या कारणासाठी आम्ही मायलेकी तेथवर गेलो होतो, ते कारण क्योटोत होते.

माझी लेक गेली काही वर्षे मातीकाम शिकते आहे. प्रारंभी आम्ही त्याकडे छंद म्हणून पाहिले. पुढे तिने घरामागच्या मोकळ्या जागेत स्वतःची भट्टी घालण्याचा विचार मांडला आणि घरात शांतता पसरली. माझ्या सासूबाईंना आम्ही सारे ‘बा’ म्हणतो. बांनी सामायिकाचे आसन घडी करता करता एवढेच विचारले, “भट्टी म्हणजे अंगारकर्मच ना, बेटा?” त्यांच्या स्वरात राग नव्हता. त्यामुळेच त्या प्रश्नाला उत्तर देणे कठीण झाले.

बांचा प्रश्न अज्ञानातून आलेला नव्हता. श्रावकाने वर्ज्य मानावयाच्या पंधरा कर्मादानांत पहिले नाव अंगारकर्माचे आहे आणि कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त त्याचे स्पष्टीकरण करताना कोळसे पाडणे, धान्य भाजणे, विटा भाजणे यांच्यासोबत कुंभाराच्या कामाचीही गणना केली आहे. थोडा विचार केला तर कारण ध्यानात येते. माती खणताना पृथ्वीकाय, ती भिजवताना अप्काय, भट्टी पेटवताना तेउकाय, भाता फुंकताना वायुकाय आणि सरपण जाळताना वनस्पतीकाय अशा पाचही स्थावरकायांची विराधना या एका व्यवसायात घडते. सरपणात दडलेल्या त्रस जीवांची गोष्ट तर निराळीच. मी त्या वेळी लेकीची बाजू घेतली नाही आणि बांचीही घेतली नाही. काही महिन्यांनी यजमानांच्या कोब्यातील आप्तांचे निमंत्रण आले, तेव्हा लेक म्हणाली, “आई, क्योटो तिथून तासाभरावर आहे. जे मला करायचे आहे त्याचे मूळ एकदा तू डोळ्यांनी पाहा. मग नाही म्हण.”

कोब्याच्या सान्नोमिया स्थानकावरून निघालेली आगगाडी तासाभरात क्योटोला पोहोचते. क्योटोच्या जुन्या राजप्रासादाच्या पश्चिमेला कामिग्यो भागात एका अरुंद, शांत रस्त्यावर राकू संग्रहालय आहे. राकू घराण्याच्या चौदाव्या पिढीतील काकुन्यू यांनी १९७८ साली ते स्थापन केले. शेजारीच घराण्याचे राहते घर आहे आणि घराण्याची भट्टीही तेथेच आहे. साडेचारशे वर्षांच्या आसपास एकाच घराण्यात चहाचे वाडगे घडवण्याचे काम अखंड चालू आहे. २०१९ साली सोळाव्या पिढीने ‘किचिझाएमोन’ हे घराण्याचे नाव धारण केले.

या परंपरेचा आरंभ चोजिरो नावाच्या कारागिरापासून होतो. त्याच्या हातची, १५७४ हे साल कोरलेली सिंहाची एक मातीची मूर्ती आजही जपून ठेवलेली आहे. मात्र त्याचे नाव अजरामर झाले ते सेन नो रिक्यू या चहाच्या महान आचार्यांमुळे. रिक्यूंचा जन्म १५२२ चा. त्या काळी चहाच्या सोहळ्यात चीनहून आणलेल्या मौल्यवान भांड्यांचा थाट असे. रिक्यूंनी तो थाट बाजूला सारला आणि चोजिरोकडून अलंकरण नसलेले, चाकावर न चढवता केवळ हातांनी घडवून पातीने खरवडलेले काळे आणि तांबूस वाडगे करवून घेतले. दोन तळहातांच्या ओंजळीत मावेल एवढाच त्यांचा आकार. त्यांवर नक्षी नाही, चित्र नाही, सोन्याची रेघ नाही.

रिक्यू ज्याच्या पदरी होते तो सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी मात्र अगदी निराळ्या वृत्तीचा होता. त्याने सोन्याने मढवलेली चहाची खोली करवून घेतली होती. त्याने क्योटोत जुराकुदाई नावाचा भव्य प्रासाद बांधला, तो १५८७ मध्ये पूर्ण झाला. ‘राकू’ हे नाव त्या प्रासादाच्या नावातून आले असे मानतात. या अक्षराचा अर्थ सुख, स्वस्थता. पुढे हिदेयोशीची मर्जी फिरली आणि १५९१ मध्ये त्याच्या आज्ञेने रिक्यूंना स्वतःचे जीवन संपवावे लागले. १५९५ मध्ये तो प्रासादही हिदेयोशीनेच पाडून टाकला. आज क्योटोत त्या प्रासादाच्या जागेची आठवण देणाऱ्या दगडी खुणा तेवढ्या आहेत. मातीचा वाडगा मात्र टिकून आहे. बारा भावनांपैकी अनित्य भावनेचे चिंतन आपण नेहमी करतो. त्या रस्त्यावरून चालताना मला ती भावना वेगळी आठवावी लागली नाही.

संग्रहालयाच्या दालनात प्रकाश मंद असतो. काळ्या वाडग्यासमोर उभे राहिल्यावर प्रथम काहीच दिसत नाही. मग हळूहळू त्या काळेपणात तपकिरी छटा दिसू लागते, काठाची किंचित वरखाली होणारी रेषा दिसते, बोटांनी दाबल्याच्या खुणा जाणवतात. चोजिरोच्या एका प्रसिद्ध तांबड्या वाडग्याचे नाव आहे ‘मुइचिबुत्सु’. ‘एकही वस्तू नाही’ असा त्याचा अर्थ. हे नाव झेन विचारातून आलेले आहे आणि झेनमधील शून्याची कल्पना व आपले अपरिग्रहाचे व्रत या दोन गोष्टी एक नव्हेत, हे मी जाणते. तरीही ज्याच्या हाती जगातील कोणतेही भांडे येऊ शकले असते अशा माणसाने शेवटी हेच निवडले, हा विचार माझ्या मनात घर करून राहिला.

काळा राकू भाजण्याची रीत लेकीने मला तेथेच समजावली. या घराण्यात काळ्या झिलईसाठी क्योटोच्या कामो नदीतला लोह आणि मँगनीज असलेला दगड दळून वापरतात. हा काळा वाडगा एका वेळी एकच भाजला जातो. कोळशाच्या भट्टीत भात्याने वारा घालून उष्णता हजार अंशांच्याही वर नेतात आणि झिलई वितळली की लालबुंद वाडगा सांडशीने उचलून थेट बाहेर, उघड्या हवेत काढतात. त्या अकस्मात थंड होण्यामुळे झिलईला तो खोल काळा रंग येतो. ज्या वाडग्यांवर सांडशीच्या पकडीची खूण उरते, ती खूण कोणी पुसत नाही. मातीबद्दल ऐकले ते मला सर्वांत अधिक भावले. चांगली माती सापडली की ती साठवून ठेवायची आणि पुढल्या पिढ्यांनी वापरायची, अशी या घराण्याची प्रथा आहे. जो माती साठवतो, त्याला तिचे वाडगे पाहावयास मिळतीलच असे नाही.

आज जगभर ‘राकू’ म्हणून जे भाजकाम शिकवले जाते ते मात्र पुष्कळ निराळे आहे. इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच यांनी १९११ साली टोकियोतील एका मेळाव्यात राकू प्रथम पाहिला. आपण रंगवलेले भांडे अर्ध्या-एक तासात भाजून हाती येते याचे त्यांना नवल वाटले आणि ते याच कलेचे झाले. त्यांनी १९४० मध्ये लिहिलेले पुस्तक वाचून अमेरिकेतील पॉल सोल्डनर यांनी १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात स्वतःचे प्रयोग केले. लालबुंद भांडे त्यांनी वाळलेल्या पानांच्या ढिगात घातले, धूर झाला आणि त्या धुराने भांड्यावर अनपेक्षित रंग उमटले. तेव्हापासून गरम भांडे भुशात, कागदात किंवा पाल्यात ठेवून वरून झाकण घालण्याची पद्धत रूढ झाली. झाकणाखाली प्राणवायू अपुरा पडतो आणि धुमसणारी आग झिलईतल्या धातूंच्या भस्मांतून तो ओढून घेते. त्यामुळे तांबे असलेली हिरवी झिलई तांब्यासारखी चकाकते, पांढऱ्या झिलईला बारीक तडे जाऊन त्यांत काजळी भरते आणि झिलई नसलेली माती काळी होते. क्योटोतील मूळ राकूमध्ये हा धूर नाही. आपल्याकडे उत्तर प्रदेशातील निजामाबादची काळी भांडी धुरातच काळी होतात. तेव्हा धुराची ही विद्या आपल्याला अगदीच परकी नाही.

क्योटोच्या बाहेरच्या बाजूला एका वृद्ध शिक्षकांच्या कार्यशाळेत ही नवी रीत प्रत्यक्ष करून पाहण्याची सोय होती. लेकीने तेथे आधीच काही दिवस काढून एक वाडगा घडवला होता. मातीत भाजलेल्या मातीची भरड मिसळलेली होती, कारण एवढ्या झटक्याने तापणे आणि निवणे साधी माती सोसत नाही. पहिली भाजणी होऊन झिलई लावलेला तो वाडगा गॅसच्या छोट्या भट्टीत ठेवला गेला. शिक्षकांनी आम्हांला शोभेच्या भाजकामाचे इतर प्रकारही दाखवले. एकात तप्त भांड्यावर घोड्याचे केस टाकतात आणि ते जळून काळ्या रेघा उमटतात. दुसऱ्यात आंबवलेल्या पिठाच्या घोळात तप्त भांडे बुडवतात. ही रीत पूर्व युरोपातली. दोन्ही पाहून लेकीने नम्रपणे मान हलवली. “हे आमच्याकडे चालणार नाही,” असे तिने त्यांना सांगितले. जिच्या घरी हाडांची राख घातलेल्या बोन चायनाच्या कपात चहा प्यायला जात नाही, त्या मुलीला याचे कारण वेगळे शिकवावे लागले नव्हते.

भट्टीच्या फटीतून नारिंगी उजेड दिसू लागला. शेजारी पत्र्याचा डबा होता आणि पाल्याने भरलेली टोपली होती. वाडगा बाहेर काढायची वेळ जवळ आली तेव्हा लेकीने एकाएकी ती टोपली अंगणात अंथरलेल्या कागदावर उपडी केली आणि ती पाने एकेक करून झटकू लागली. मीही बसले. पाला वरवर कोरडा होता. पण तळाशी ओलसर पानांच्या गुंडाळीत एक कोळी निघाला, पाठोपाठ दोन-तीन बारीक किडे. तिने ती पाने अलगद उचलून कुंपणाजवळच्या झुडपाखाली नेऊन ठेवली. शिक्षकांना प्रथम काय चालले आहे ते कळले नाही. कळल्यावर त्यांनी काही न बोलता भट्टीची ज्योत थोडी कमी केली आणि ते उभे राहिले. पाच-सात मिनिटे गेली असतील. तेवढ्यात झिलई ठरल्यापेक्षा अधिक वितळली.

वाडगा बाहेर आला, डब्यात गेला, धूर झाला आणि झाकण पडले. अर्ध्या तासाने तो राखेतून काढून पाण्याने पुसला तेव्हा अपेक्षित तांब्याची चकाकी त्यावर नव्हती. एका बाजूला झिलई ओघळून तळाशी जमली होती. उरलेल्या भागावर धुरकट, निळसर करडा रंग होता. लेक जरा हिरमुसली. मी तिची समजूत काढण्यासाठी जे सर्वच जण म्हणतात तेच म्हणाले, “अग्नीच्या मनात होते ते झाले.” ते वाक्य तिने शिक्षकांना सांगितले. ते हसले आणि आपला हातमोजा काढीत म्हणाले, “अग्नीला मन नसते. भट्टी मी थांबवली. पाने तुम्ही निवडलीत. हा वाडगा त्याचाच झाला आहे.”

परतीच्या गाडीत मला ‘उपासकदशांगा’चे सातवे अध्ययन आठवले. पोलासपुर नगरीतील सद्दालपुत्र हा कुंभार. नगराबाहेर त्याची पाचशे दुकाने होती, कोट्यवधी सुवर्णमुद्रांची संपत्ती होती, दहा हजार गाईंचे गोकुळ होते. तो गोशालकाचा अनुयायी होता. जे घडते ते नियतीने ठरलेले असते, उद्यम किंवा पुरुषार्थ असे काही नसतेच, ही त्याची श्रद्धा. एके दिवशी तो वाऱ्यावर सुकलेली भांडी उन्हात मांडीत असता भगवान महावीरांनी त्याला विचारले की, ही भांडी कशी होतात? त्याने सांगितले की, आधी माती असते, ती पाण्याने भिजवतात, तीत राख आणि शेण मिसळतात, मग ती चाकावर चढते. भगवंतांनी विचारले, हे उद्यमाने होते की उद्यमावाचून? तो म्हणाला, उद्यमावाचून. सर्व भाव नियत आहेत. तेव्हा भगवंतांनी विचारले की, कोणी तुझी ही भांडी चोरली, फोडली किंवा तुझ्या पत्नीशी, अग्निमित्रेशी दुर्वर्तन केले, तर तू त्याला काय करशील? तो म्हणाला, मी त्याला दंड देईन. मग जे नियतीनेच घडले त्याबद्दल तू दंड कोणाला आणि का देणार? त्या एका प्रश्नाने सद्दालपुत्राला आपल्या श्रद्धेतील विसंगती दिसली आणि तो श्रमणोपासक झाला.

हे अध्ययन मी पर्युषणात अनेकदा ऐकले होते. पण त्यात भांडी का आहेत, याचा विचार कधी केला नव्हता. जेथे माती, पाणी, वारा आणि आग इतकी कामे करतात, तेथेच ‘हे माझ्यावाचून झाले’ असे म्हणणे सर्वांत सोपे असते. मी त्या कार्यशाळेत तेच म्हणाले होते. वाडग्याचा रंग अग्नीचा म्हटला की पाल्यातला कोळीही अग्नीचाच होतो आणि आपल्याकडे उत्तरदायित्व उरत नाही. लेकीने पाने निवडली ती हे मान्य नसल्यामुळे.

आणखी एक गोष्ट मला त्या प्रवासात प्रथमच जाणवली. ज्या आगमात आनंद श्रावकाच्या निमित्ताने पंधरा कर्मादाने सांगितली आहेत, त्याच आगमात एका कुंभाराला आदर्श श्रावकांच्या दहा जणांत स्थान आहे. व्रत घेतल्यानंतर गोशालक त्याला परत वळवण्यासाठी आला, तेव्हा सद्दालपुत्राने त्याला आपल्या दुकानांतून पाट आणि फळी घेऊन राहण्यास सांगितले. म्हणजे ती दुकाने तेव्हाही होती. यावरून भट्टी निर्दोष ठरते असे मी म्हणत नाही. तो निर्णय देण्याचा माझा अधिकार नाही, तो गुरुभगवंतांचा आहे. बांचा प्रश्न तेवढाच खरा राहतो. परंतु त्या प्रश्नापुढे मान खाली घालून गप्प बसणे, एवढाच मार्ग उरत नाही.

येथे जाणाऱ्या वाचकांसाठी दोन शब्द. राकू संग्रहालय सामान्यतः सोमवारी बंद असते आणि प्रदर्शने ऋतूप्रमाणे बदलतात. क्योटोच्या मंदिरांतून ‘शोजिन र्‍योरी’ हे शाकाहारी भोजन मिळते, परंतु त्यात कंदमुळे असतात; आणि इतरत्र साध्या दिसणाऱ्या भाजीच्या रश्शातही माशाचा अर्क असू शकतो. सोबत खाखरा, सुका नाश्ता आणि मुगाची डाळ ठेवणे श्रेयस्कर. महाराष्ट्रातच मातीकाम पाहावयाचे असेल तर चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीला जावे. श्री केसरिया पार्श्वनाथांच्या दर्शनाला आपण तेथे जातोच. त्याच गावात कृष्णमूर्ती मिरमिरा यांच्या ग्रामोदय संघाने कुंभारकामाला मोठे रूप दिले.

घरी आल्यावर लेकीने तो ओघळलेला वाडगा बांसमोर ठेवला. हा वाडगा पाण्यासाठी किंवा खाण्यासाठी वापरायचा नाही, कारण त्याची माती सच्छिद्र राहते आणि तड्यांत काजळी असते, हेही तिने सांगितले. बांनी तो उचलून पाहिला आणि रंग असा का आला ते विचारले. मग पाल्याची, कोळ्याची आणि शिक्षकांनी ज्योत कमी करून थांबण्याची हकिगत त्यांनी दोनदा ऐकली. त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सामायिकानंतर त्यांनी मला सातवे अध्ययन वाचावयास सांगितले. वाचून झाल्यावर त्यांनी लेकीला बोलावले.

“चातुर्मासात भट्टी नाही,” त्या म्हणाल्या. “सूर्यास्तानंतर नाही, दिव्यावर येतात ते जीव भट्टीवरही येतात. पाला आणि भुसा आधी उन्हात पसरून, पाहून घ्यायचा. आणि बेटा, वर्षात किती वेळा पेटवणार, ते सांग.”

लेक विचारात पडली. तिच्या मनात आठवड्याला एक असा हिशेब असावा. पण ती म्हणाली, “बारा.”

“लिहून ठेव,” बा म्हणाल्या आणि त्यांनी आपली नियमांची वही पुढे केली. त्या वहीत हिरव्या भाज्यांची संख्या आहे, प्रवासाच्या दिशांचे परिमाण आहे, वस्त्रांची संख्या आहे. त्याखाली आता माझ्या लेकीच्या अक्षरात एक ओळ आहे. प्रत्येक भाजणीनंतर ती त्या ओळीपुढे एक रेघ ओढते. हे लिहीत असताना त्या वहीत आठ रेघा आहेत. वर्ष संपायला अजून तीन महिने बाकी आहेत.